एक्केचाळीस पत्रांची व्यवस्था

मी, हाउएल प्रोबर्ट, वय ३१, धंदा रग्बी प्रशिक्षक, राहणार हॉल्डरवर्थ, यॉर्कशायर, मूळ गाव नँट-ओनेन, वेल्स, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणी माझा हात धरून हे लिहवून घेत नाही. गुरुवारी फुप्फुसावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. पण ते दोनदा म्हणाले, म्हणून लिहितो.

१. घर व त्यातील सर्व सामान बहीण ओल्वेन हिला. मला एकच बहीण आहे, तरी नाव घातलेले बरे. घर विकावे, तिने इथे राहायला येऊ नये. माणसे चांगली आहेत, पण इथल्या चॅपलमध्ये वरच्या पट्टीत गाताना एकटे पडायला होते.

२. विजेतेपदाची दोन्ही पदके हॉल्डरवर्थ क्लबला. १९२६ साली खाणी बंद पडल्या, वडिलांचा दमा वाढला, म्हणून मी उत्तरेत आलो आणि पैसे घेऊन इथले तेरा जणांचे रग्बी खेळलो. सहा वर्षांनी गुडघा गेला, तेव्हा यांनी मला घालवले नाही, हातात शिट्टी दिली. पदके त्यांचीच.

३. फळा आणि खडूंची पेटी माझ्या जागी येणाऱ्या प्रशिक्षकाला. फळ्यावरची आकृती शनिवारचा सामना होईपर्यंत पुसू नये.

४. टेग्विन रीस, चिटणीस, नँट-ओनेन रग्बी क्लब, यांना काही नाही. कारण लिहितो. आमच्या गावच्या पंधरा जणांच्या हौशी रग्बीत, पैसे घेऊन खेळलेल्या माणसाला क्लबची पायरी जन्मभर बंद. नियम मला ठाऊक होता. पण दोन वर्षांपूर्वी वडील गेले, दफनानंतरचा चहा क्लबच्या सभागृहात होता, आणि रीसकाका दारात आडवे आले.

"हाउएल, बाळा, इथं नको. तू आत आलास असं कोणी वर कळवलं तर क्लबला टाळं लागेल."

"काका, बाप माझा गेलाय."

"ठाऊक आहे रे. खांदा मीही दिलाय. पण पायरीच्या बाहेर."

मी भिंतीवर बसून हॅम-पाव खाल्ला. ओल्वेन चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत राहिली.

५. तिथेच संघाचा कर्णधार सिरिल, गाव ज्याला सिरिल पाववाला म्हणते, सिगारेट ओढायला आला.

"काय साहेब, उत्तरेत हॅम जाड कापतात का?"

"तुमच्या पुढच्या फळीपेक्षा जाड."

"हसू नकोस लेका. दर शनिवारी समोरचे आम्हाला मागं रेटत नेतात. काय चुकतंय?"

मी बुटाच्या टोकाने वाटेवरच्या कोळशाच्या राखेत रेट्याला जुंपणारी आठ माणसे काढून दाखवली, पाय कुठे, खांदा कुठे. राहिलेले पत्रातून लिहिले, ओल्वेनच्या नावे. सिरिल पाव टाकायला आला की ती वाचून दाखवी. अशी एक्केचाळीस पत्रे झाली. गेल्या एप्रिलमध्ये नँट-ओनेनने चौदा वर्षांनी खोऱ्याचा चषक जिंकला. वर्तमानपत्रातल्या फोटोखाली 'प्रशिक्षक : टे. रीस' असे छापले आहे. सिरिल म्हणतो, काका मोसमात दोनदा सरावाला आले, तेही विसरलेली छत्री शोधायला.

६. पत्रे ओल्वेनच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात आहेत. ती जाळावीत. एक जरी बाहेर पडले तरी चषक जाईल आणि पंधरा पोरांवर बंदी येईल. मागच्या भेटीत ओल्वेन म्हणाली, "जाळ म्हणू नकोस रे. गावात तुझं एवढंच उरलंय." ती खोटे बोलली नाही. इथे लोकांनी मला दोनदा खांद्यावर घेतले. पण शनिवारी तीन वाजता, इथला सामना डोळ्यांपुढे चालू असताना, मनात येते की तिकडे आज वारा कोणत्या बाजूने असेल. तरीही जाळावीत.

७. इथवर लिहून वाचले तेव्हा ध्यानात आले की मृत्युपत्र वकील वाचतो, मग ते सरकारी कचेरीत राहते आणि कोणीही मागून पाहू शकतो. म्हणून कलम १ ते ३ एवढीच वेगळ्या कागदावर उतरवली आहेत. त्यावर परिचारिका डॉरिस हार्डकासल व शेजारच्या खाटेवरचे वॉल्टर सग्डेन यांनी साक्ष घातली आहे. तोच कागद खरा धरावा. हा ओल्वेनने वाचून पत्रांबरोबर चुलीत घालावा. वाचणारी ती एकटीच, म्हणून सहीखाली हुद्दा मला हवा तो लिहितो.

साक्षीदार : या कागदाला नाहीत.

ठिकाण : इस्पितळ, हॉल्डरवर्थ
दिनांक : १३ ऑक्टोबर १९३६

सही : हाउएल प्रोबर्ट
प्रशिक्षक, नँट-ओनेन रग्बी क्लब