स्मिथ म्हणजे लोहार

खराडी, पुणे

तीर्थरूप दादांना कल्याणीचा नमस्कार,

कॉलेजच्या फॉर्मवर तुम्ही माझं आडनाव ‘लोहार’ऐवजी ‘सावरगावकर’ का लिहिलं, असं कुणी विचारलं तर काय सांगू?

मी बरी आहे, डबाही चांगला मिळतो. तुमचा भाजलेला हात भरून आला का?

काल आमच्या ऑफिसात लंडनहून आलेली एमिली स्मिथ जेवताना म्हणाली, “स्मिथ म्हणजे लोहार! आमचे पूर्वज लोखंड ठोकायचे.” सगळ्यांना केवढं कौतुक! मला तिचा फार हेवा वाटला. तिनं भट्टीचा भाता पाहिलेलासुद्धा नाही. मी तो ओढत पाढे पाठ केले, आणि माझ्या टेबलावर नाव मात्र ‘सावरगावकर’.

रागावू नका. आज टेबलावरची नावाची पाटी मी बदलून घेतली.

तुमची लेक,
कल्याणी रंगनाथ लोहार