तिसऱ्यांदा पाणी गोठलं तर

बिस्मार्क, ३ डिसेंबर

चि. लेनोर हिला हार्लनदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं चाकांवरच्या नव्या घरात खुशाल आहोत. बाकीचे कॅम्परवाले पहिला बर्फ पडताच शेपूट घालून टेक्सासला पळाले. पळोत बापडे. ज्याने चाळीस वर्षं अख्ख्या गावाचे नळ दुरुस्त केले, त्याने थंडीला काय भ्यायचं?

तुझ्या ओपलवहिनीने मात्र अट घातली आहे. या हिवाळ्यात तीनदा पाणी गोठलं, तर ती बॅग उचलून तुझ्याकडे फार्गोला येणार आणि हा कॅम्पर विकायचा. मी हसत हसत कबूल झालो. परवा एकदा गोठलं खरं, पण तो नळ आम्ही गाडी लावली आहे त्या कॅम्पवाल्यांचा होता, तेव्हा ते धरू नये असं माझं मत आहे. ओपलचं मत वेगळं आहे.

लोभ आहे, तो गोठू देऊ नये.

तुझा दादा,
हार्लन

फार्गो, १२ डिसेंबर

ती. हार्लनदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आदल्याच दिवशी वहिनीचंही आलं होतं. तिच्या पत्रात तो नळ तुझाच आहे. असो.

घर विकलंस तेव्हा वहिनीने हूं की चूं केलं नाही. आता ती अटी घालते आहे, म्हणजे पाणी डोक्यावरून चाललं आहे. मी वरची खोली झाडून ठेवली आहे. पलंग एकाच माणसापुरता आहे, हे मुद्दाम कळवते. तिथे जुनी मंडळी असतील, त्यांना चार गोष्टी विचार. विचारल्याने अंगाला भोकं पडत नाहीत.

लोभ आहेच, थोडी अक्कलही असावी.

लेनोर

बिस्मार्क, ६ जानेवारी

चि. लेनोरला अ. आ. वि. वि.

वहिनीचं पत्र येण्याआधी मीच लिहितो. सांडपाण्याची वाट सदैव मोकळी असावी, हे मी जन्मभर लोकांना शिकवलं. म्हणून कॅम्परच्या संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्हही उघडाच ठेवला. इथे नेमकं उलटं निघालं. टाकी भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवायचा असतो, नाहीतर पाणी थेंबाथेंबाने निघून नळीत गोठतं आणि मागे राहायचं ते राहतं. जेवता जेवता वाचत असशील तर क्षमस्व.

हे ज्ञान मला शेजारच्या श्रीमती ट्वेट यांनी दिलं. बाई निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी गरम पाण्याच्या बादल्या ओतून तासाभरात नळी मोकळी केली, आणि सगळा कॅम्प कॉफीचे कप घेऊन बघायला जमला. मी पूर्वी काय करत होतो, असं बाईंनी विचारलं. मी शेतीबद्दल काहीतरी पुटपुटलो.

ओपलने कॅलेंडरवर दुसरी फुली मारली.

आठवण ठेव, पण हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

हार्लन

बिस्मार्क, २४ जानेवारी

प्रिय लेनोर, स. न. वि. वि.

काल तिसऱ्यांदा पाणी गोठलं. पाण्याच्या नळीला ऊब देणारी विजेची पट्टी गुंडाळलेली असते. हार्लनने तिचा प्लग काढून गाडीचं इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा लावला. पारा उतरला की आपल्याकडच्या पुरुषांचा हात आपसूक गाडीच्या प्लगकडे जातो. बायकोला कॉफी मिळो न मिळो, गाडी सुरू झाली पाहिजे.

मी तीन तास चर्चमध्ये बटाट्याच्या लेफ्से-पोळ्या लाटत होते. तेवढ्यात नळीतला बर्फ वितळवून देते, ओपलला कळणारही नाही, असं श्रीमती ट्वेट त्याला म्हणाल्या होत्या. त्याने नको म्हटलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मी परतले तर हा बर्फात, टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, “ओपल, तिसऱ्यांदा गेलं. चूक माझीच आहे. तू बॅग भर.”

शेहेचाळीस वर्षांच्या संसारात हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मला रडू आलं. बॅग तर मी नाताळातच भरून ठेवली होती, ते काही त्याला सांगितलं नाही.

तुझी खोली तूर्त राहू दे. कॅम्पर विकायचा की नाही ते बर्फ वितळल्यावर बघू. गुडघ्यांमुळे त्याला कॅम्परखाली शिरता येत नाही, म्हणून हेअर ड्रायर घेऊन मीच शिरले. त्याने वरून सूचना सुरू केल्या, तेव्हा सांगितलं की आजपासून प्लंबर मी. त्याने टॉर्च धरायचा आणि तोंड बंद ठेवायचं. लग्नापासून टॉर्च मी धरत आले आणि नीट धरत नाही म्हणून बोलणी खात आले. काल मीही दोनदा मुद्दाम खेकसले. तिसऱ्यांदा खेकसणार होते, पण उजेड अगदी हवा तिथे पडला होता.

असाच जीव लावत राहा.

तुझी वहिनी,
ओपल