दोन ते आठ अंशांच्या दरम्यान

ती. वहिनी यांस,

धाकट्या दिराचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात थर्मामीटर आहे, तरी नमस्कार पूर्ण समजावा.) दादाची कंबर, बाळंतिणीची झोप आणि बाळाचं वजन या तिन्ही बाबी समाधानकारक असतील असं धरून चालतो. बाळाचं वजन ज्या काट्यावर केलं तो काटा शेवटचा कधी तपासला होता, हे जमल्यास विचारून कळवावं. इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे आता आहे. मधले आठ दिवस नव्हतं, आणि ते का नव्हतं हे सांगायलाच हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच प्रश्न विचारता, आणि या प्रकरणात प्रश्न सुरुवातीलाच विचारले गेले तर माझी बाजू फार लवकर संपते.

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला निघालात आणि तुमच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, चार महिन्यांसाठी माझ्याकडे सोडलंत, त्या दिवशी माझ्या हातात मावशींच्या इन्सुलिनच्या पेनांचा खोका आणि एक कागद दिला होतात. वापरात असलेलं पेन बाहेर, सावलीत ठेवायचं. बाकीची फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांच्या दरम्यान. बर्फाच्या कप्प्यात नाही, दारातल्या खणात नाही. तुम्ही परिचारिका म्हणून इतकी वर्षं काढलीत ते त्या कागदावरून कळत होतं. दोन ते आठ. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो, पण इतकी स्वच्छ सूचना मला वरिष्ठांकडून एकदाही मिळाली नाही. मला अगदी कामावर परत घेतल्यासारखं वाटलं.

तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात मी ट्रंकेतून माझा जुना थर्मामीटर काढला आणि फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवला. त्याने नऊ दाखवले. नऊ! तुमच्या कागदाप्रमाणे हा सरळसरळ गुन्हा होता. मी फ्रीजचं बटण थोडं पुढे सरकवलं, वायरमनला बोलावून तारा तपासून घेतल्या, पुन्हा बटण सरकवलं, आणि तिसऱ्या दिवशी पारा बरोबर चारवर आणून बसवला. पेनांचा खोका सगळ्यांत मागे, थेट फ्रीजच्या पाठीला टेकवून ठेवला, कारण तिथे कुणाचा हात लागत नाही. दाराला कागद चिकटवून सकाळ-संध्याकाळ तापमान लिहू लागलो. मावशी हे सगळं खुर्चीतून बघत होत्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "अहो, आधी बरा चालला होता की फ्रीज." मी त्यांना समजावलं, की 'बरा' हे माप नाही.

यानंतर घरात काही किरकोळ घटना घडल्या, ज्यांचा अर्थ मी प्रत्येक वेळी चुकीचा लावला. काकडी कापायला घेतली तर सुरी घसरली. पालेभाजी काचेसारखी दिसू लागली आणि बाहेर काढली की चोथा व्हायची. मी भाजीवालीला शिळा माल देते म्हणून सुनावलं. दुधात बर्फाचे कण दिसले, तेव्हा मी दूधवाल्याला दारातच थांबवून विचारलं, की गोठतं ते पाणीच ना? मग दुधात पाणी आलं कुठून? (माझा हा युक्तिवाद त्याला खोडता आला नाही. खोटा युक्तिवाद सहसा असाच पक्का असतो.) दाराच्या कागदावर मात्र सकाळी चार, संध्याकाळी चार. इतका सुंदर तक्ता मी नोकरीतही कधी केला नव्हता.

बारा तारखेला मावशींचं बाहेरचं पेन संपलं, म्हणून त्यांनी खोक्यातून नवं काढलं. तेरा तारखेला त्यांची साखर दोनशे दहा आली. पंधराला दोनशे ऐंशी. सतराला तीनशे चाळीस. मावशी सारख्या पाणी प्यायच्या, सारख्या उठायच्या, आणि उरलेला वेळ खुर्चीत मान टाकून झोपायच्या. संध्याकाळी खालच्या बाकावर जाऊन बसणं बंद झालं. आता अशा वेळी कुणीही घाबरेल. मी घाबरलो नाही, मी चौकशी सुरू केली. माझ्या बाबतीत त्या दोन्हींत फरक नसतो. आधी साखर मोजायच्या यंत्रावर संशय घेतला आणि स्वतःच्या बोटातून रक्त काढून बघितलं. माझी सत्त्याण्णव आली. यंत्र प्रामाणिक होतं. मग राहिलं खाणं. स्वयंपाक मीच करतो, ताटात काय पडतं ते मला माहीत. तेव्हा मी बिस्किटांचा डबा उघडला. वहिनी, त्यात तीन बिस्किटं कमी होती.

"मावशी, डब्यातली तीन बिस्किटं कमी आहेत," मी म्हणालो.

"मग?"

"मग काही नाही. फक्त लक्षात आणून दिलं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी खाल्ली असती तर सांगून खाल्ली असती. चोरून खायचं वय गेलं माझं, आणि तुम्ही काही माझे कुणी मास्तर नाही."

इथे थांबायला हवं होतं. मी डब्याला कुलूप लावलं. (लहान होतं. पण कुलूपच.) त्या दिवसापासून मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे काम अडू दिलं नाही. भिंतीकडे बघून म्हणायच्या, "चहा झालाय, कुणाला हवा असेल तर." मी भिंतीला हो म्हणायचो. व्याह्यांच्या घरातल्या बाईवर बिस्किटचोरीचा आळ घेणं ही गोष्ट दादाला कळली तर काय होईल, याचा विचार माझ्या मनात आला होता. पण सत्यापुढे नातं बघायचं नाही अशी आमच्या खात्याची शिकवण. (त्या खात्यात शेवटपर्यंत मला कुणी जेवायला बोलावलं नाही, ते उगाच नाही.)

एकवीस तारखेला मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? मी मावशींच्या समोर माझा निष्कर्ष मांडला. मावशी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत राहिल्या; सगळ्यांत खालची ओळ वाचत असाव्यात. डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस वाढवून दिला. वाढीव डोसाला पेनं पुरणार नाहीत, म्हणून मावशींना घरी बसवून मी आणखी एक आणायला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो. हे दुकान एक बाई चालवतात. पन्नाशीच्या आहेत, चष्मा साखळीला बांधलेला, आणि चिठ्ठी वाचल्याशिवाय हात कपाटाकडे जात नाही.

"डोस का वाढला?" बाईंनी विचारलं.

"बिस्किटं," मी म्हणालो.

"नवं पेन कधी सुरू केलंत?"

"बारा तारखेला."

"आणि साखर कधीपासून वाढली?"

"तेरा..." मी म्हणालो.

"पेनं ठेवता कुठे?"

इथे मला पुन्हा धीर आला. मी ताठ उभा राहून म्हणालो, की फ्रीजमध्ये, चार अंशांवर, दिवसातून दोन वेळा तपासून. बाई म्हणाल्या, "चार कशावरून?"

वहिनी, 'कशावरून' हा शब्द मी एकतीस वर्षांत किती दुकानदारांना विचारला असेल त्याचा हिशोब नाही. मला तो कुणी कधीच विचारला नव्हता. बाईंनी थर्मामीटर आणि पेनांचा खोका घेऊन यायला सांगितलं. मी घेऊन आलो. त्यांनी ग्लासात बर्फाचा चुरा घातला, थोडं पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं आणि माझा थर्मामीटर त्यात उभा केला. विरघळत्या बर्फाचं पाणी शून्यावर असतं, हे शाळेतली पोरंही सांगतात. आम्ही दहा मिनिटं थांबलो. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक गृहस्थही थांबले. पारा पाचवर होता. आणखी ढवळलं. पाच. "पाचच आहे हो," खोकल्याचे गृहस्थ म्हणाले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी थर्मामीटर पुसून उलटा केला. मागे पितळी पट्टीवर खात्याचा शिक्का होता, 'अचूक' असं कोरलेलं होतं, आणि खाली तपासणाऱ्याची सही होती. सही माझी. नोकरीच्या सातव्या वर्षातली. बाईंनी ती वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि थर्मामीटर माझ्यासमोर, सही वर येईल असा ठेवला.

तर हिशोब असा. मी नऊ वाचले तेव्हा फ्रीज चारवर होता, म्हणजे अगदी उत्तम चालला होता. मग मी तो दुरुस्त केला. माझे चार म्हणजे खरे उणे एक, आणि पाठीला टेकलेल्या खोक्यापाशी त्याहून खाली. पेनं गोठून निघाली होती. बाईंनी त्यातलं एक उजेडात धरलं. "बघा, दिसायला काही नाही. पण एकदा गोठलं की औषध कामातून गेलं, नंतर नुसतं वितळून उपयोग नाही. ही सगळी टाकायची." मग नव्या पेनावर हात ठेवून म्हणाल्या, "आणि हे वाढवलेल्या डोसाने द्यायचं नाही. आधी डॉक्टरांना खरं काय ते सांगू." त्यांनी तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, जुनाच डोस, आणि रोज साखर कळवा. चांगलं औषध आणि वाढवलेला डोस एकदम गेला असता तर मावशींची साखर किती खाली गेली असती, हे बाईंनी मला दोन वाक्यांत सांगितलं. मी स्टुलावर बसलो. खोकल्याच्या गृहस्थांनी मला पाणी आणून दिलं.

घरी आलो तर मावशी खुर्चीत होत्या. जिना चढताना मी निवेदन तयार केलं होतं. त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, की तक्रार मागे घेत आहे, दोष थर्मामीटरचा होता, आणि थर्मामीटर माझा होता. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"आणि बिस्किटं?"

"ती मीच वायरमनला दिली होती. चहाबरोबर."

"हे कधी आठवलं?"

"आत्ता. जिन्यात."

मग भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलं, आपलं आता संपत आलं. औषधसुद्धा लागू पडेना. लेकीला फोन करावा असं रोज वाटायचं. पण ती तिकडे बाळंतिणीपाशी, तिला कशाला घोर? म्हणून गप्प बसले."

वहिनी, मी ते गप्प बसणं बिस्किटांच्या खात्यावर टाकलं होतं. चार दिवस एक बाई माझ्या घरात मरणाचा विचार करत बसली होती आणि मी तिच्यासमोर बसून तापमान लिहीत होतो. मी तसाच उभा होतो. तेव्हा मावशीच म्हणाल्या, "उभा काय राहिलायस? बस." तुमच्या आणि दादाच्या लग्नापासून इतकी वर्षं त्या मला अहो-जाहो करत आल्या आहेत. मी बसलो.

तिसऱ्या दिवशी साखर एकशे साठवर आली, आठवड्यात एकशे तीसवर. मावशी पुन्हा बाकावर जाऊन बसतात. फ्रीजचं बटण पूर्वीच्या जागी आहे, खोका मधल्या फळीवर पुढे, पाठीपासून चांगला वीतभर लांब, आणि शेजारी नवा थर्मामीटर, जो मी बर्फात दोनदा बुडवून पारखला. भाजीवालीची माफी मागितली, तिने हसून सोडून दिलं. दूधवाल्याने माफी स्वीकारली, पण लेखी मागितली. औषधवाल्या बाईंनी दुकानात सांगून ठेवल्यामुळे ज्यांच्या घरी असली औषधं आहेत ते लोक रविवारी सकाळी आपापले थर्मामीटर घेऊन माझ्याकडे येतात. मी ग्लासात बर्फ घालून बसतो. आतापर्यंत अकरा तपासले, चार खोटे निघाले. मी कुणालाही रागावलो नाही.

दादाला नमस्कार, लेकीला भरपूर झोप, आणि बाळाला, ते मान धरेपर्यंत, लांबूनच आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
धाकटा दीर

ता. क. : पितळी पट्टीवरच्या सहीचा भाग दादाला वाचून दाखवू नये. त्याची कंबर हसण्याने दुखते.

ता. क. दुसरा : पुढच्या महिन्यात परत आल्यावर तुम्ही मावशींना न्यायला येणार आहात. या बाबतीत माझं तांत्रिक मत नोंदवतो. तुमच्याकडे पोचायला साडेतीन तास लागतात, गाडीत ऊन लागतं, आणि तेवढ्या वेळात पेनांचं तापमान सांभाळण्याची हमी कुणी देऊ शकत नाही. तेव्हा पेनं इथेच राहणं हिताचं. पेनं इथे आणि मावशी तिथे हे अर्थातच गैरसोयीचं होईल. बाकी आपण सुज्ञ आहात. घाई नाही. वर्षभराने विचार केला तरी चालेल.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझं आहे, आईचं. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलंय) : औषधवाल्या बाईंनी मला पेनं प्रवासात थंड ठेवायची एक पिशवी दिली आहे. आठ तास टिकते म्हणाल्या. ती मी दूधवाल्याकडून कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून घेतली आहे. माझा हात तिथे पोचत नाही, आणि ती खाली काढून दे असं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.