एकुलता एक वाचक

३ तारीख, सोमवार

सकल जनांस विदित व्हावे की माझ्या ब्लॉगचं पान उघडायला आज पावणेदोन मिनिटं लागली. तेवढ्यात एक मुंगी भिंत चढली, तिचं मत बदललं आणि ती उतरली. बाकी नव्या घरात आनंद आहे. हिची बदली झाली. ही मुख्याध्यापिका आणि मी तिचं सामान, म्हणून परवा आम्ही दोघं इथे पोचलो. तिसरा मजला, पूर्वेला गॅलरी, स्वयंपाकघरात माझ्या कपाळावर डोळा ठेवून असलेले कप्पे. भिंतीवर तेरा टोले देणारं आमचं घड्याळ टांगलं. मांजरीने सोफा ताब्यात घेतला. मामाचा नेहमीचा फोन आला. चार वर्षांत मी चारच लेख लिहिले आहेत: घड्याळ, मांजर, मामा आणि ही. चौघांचीही यथेच्छ चेष्टा केली आहे. पण चार लेखांनी एवढी धाप लागावी?

४, मंगळवार

ब्लॉग ज्यांच्या सर्व्हरवर आहे, त्या कंपनीतल्या बाईंना फोन केला. त्या मला काका म्हणतात. वय आवाजातही दिसतं म्हणायचं. म्हणाल्या, मेमरी शहाण्णव टक्के भरलीय, फोटो लहान करा, नको ती प्लगिन काढून टाका. दिवसभर तेच केलं. पान शनैः शनैः तीस सेकंदांवर आलं, मेमरी मात्र ढिम्म. मग बाईंनी शोधून सांगितलं की ती खातोय एकच वाचक. कालपासून घड्याळाचा लेख उघडून बसलाय, बंदच करत नाही. जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, एकुलता एक आहे, जीव लावा त्याला.

५, बुधवार

वाचकाने घड्याळ संपवलं, मांजरीचा लेख उघडला.

भिंतीवर घड्याळ नाही. खिळा आहे. हिला विचारलं, तर म्हणाली, कुठलं घड्याळ? आपल्याकडे कधी होतं? लेखाचं उट्टं काढते आहे असं समजून मी हसलो. ती हसली नाही.

६, गुरुवार

मांजर नाही. सोफ्यावर केससुद्धा नाही. ओट्याखाली वाटी आहे, तळाशी दूध वाळलेलं. ही म्हणते, मांजर पाहिलं की तुम्हाला शिंका येतात, आपण कशाला पाळू?

वाचक आता मामाच्या लेखावर. बाईंना म्हटलं, त्याला हाकला. त्यांनी त्याची वाट बंद केली. वाचकांचा आकडा एकचा एकच. मग त्या म्हणाल्या, काका, तो तुमच्या घरच्याच वायफायवरून वाचतोय. ही तेव्हा शाळेत होती. माझा फोन माझ्या कानाला. बाहेरच्या खोलीत संगणक बंद होता. खुर्ची मात्र मागे सरकवलेली—

७, शुक्रवार

मामाला फोन लावला. ठणठणीत होता, नव्या घरात माझं डोकं कुठे कुठे आपटलं ते विचारत होता. वाचकाला वाचायला मामाचा लेखच नको, म्हणून बोलता बोलता तो पुसून टाकला. मामाच्या वाक्याचं क्रियापद आलंच नाही. आता तो नंबर अस्तित्वात नाही.

माझ्या हाताने—

ही विचारते, कोण मामा?

उरला एकच लेख. हिचा. तो पुसता येत नाही. बाई म्हणाल्या होत्या, पान जड असलं की वाचणारा अडकतो. म्हणून काढलेली सगळी प्लगिन परत घातली. फोटो होते त्याच्या दसपट मोठे केले. पान पुन्हा पावणेदोन मिनिटांवर. देवा, ते मंदच राहू दे.

हिच्या चपला दारात आहेत. पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

८, शनिवार, सकाळ

हिच्या लेखाच्या शेवटी ओळी जोडतोय. आकडेवारीत दिसतं: त्याचं ऐंशी टक्के वाचून झालंय. मी लिहिलं की अठ्ठ्याहत्तर होतं. श्वास घेतला की ऐंशी.

ही येऊन म्हणाली, अहो, काय एवढं चाललंय? तुझ्यावर लिहितोय, म्हटलं. अजून चेष्टा उरलीय का, म्हणाली. आत गेली. शाळेला सुट्टी आहे. बरं झालं. पावलं ऐकू येतात.

दुपार

तिचं डबा विसरणं लिहिलं. माझी पत्रं वहीसारखी लाल शाईने तपासणं. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणं. एक्क्याण्णव.

पंचाण्णव.

पान उघडेपर्यंत ही ओळ इथे, डायरीत. पुढे सुचत नाही— कोश पाठ आहेत, विशेषणं कितीही— पण ती तिची नव्हेत. घालून पाहिली. तो ती न वाचताच पुढे जातो.

अठ्ठ्याण्णव.

खरं काय ते लिहितो. भीती वाचकाची नाही. लग्नाची चोवीस वर्षं हिच्यावर लोकांना हसवलं. हिच्याकडे नीट पाहिलं नाही. लिहायला आता माझ्यापाशी काही नाही. कानामागे एक तीळ आहे, एवढं माहीत आहे. डाव्या की उजव्या, ते नाही. पाहून येतो, मग ती ओळ जोडतो. ती आत कपड्यांच्या घड्या घाल—