रायपुरातलं निदान

रायपूर,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय अच्युत,

'प्रिय' लिहून पेन थांबलं होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून राहू दिलं. शाळेत पत्राचा एकच मायना शिकवला होता आणि इतकी वर्षं तोच पुरवून वापरते आहे.

तुझा फोन आला तेव्हा आई समोर वाटाणे सोलत बसली होती. मी नुसतं 'कळवते' म्हणून ठेवला, तर वर न बघता म्हणाली, "काहून गं पोट्टे, त्याचाच होता ना?" मी हो म्हटलं. "मंग, काय म्हनून राहिला?" कामाचं आहे, म्हटलं. त्यावर तिनं शेंगा जरा जोरात फोडल्या. तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी देणार आहे, पण फोनवर नाही. फोनवर तू मध्येच हसतोस, मग समोरच्यालाही हसावं लागतं, आणि माझं बोलणं दर वेळी त्या हसण्यात बुडालं आहे. कागद तुला शेवटपर्यंत वाचावा लागेल.

आधी घरच्या बातम्या. आईचा गुडघा पावसाळाभर दुखला, आता बरा आहे. फाटकाजवळची जास्वंद पिठ्या ढेकणांनी पांढरी झाली आहे. झाडांच्या रोगांचं शिक्षण देणारी बाई घरात आणि दारात ही शोभा, असं शेजारच्या मिश्रा आंटी येताजाता ऐकवतात. शेखर हल्ली बीरगावला असतो. तिथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात गेटवर बसून ट्रक मोजतो. घरी येतो तेव्हा कानामागे, कॉलरच्या आत, नखांत काळी भुकटी असते. आई त्याचे कपडे वेगळे भिजवते. माझ्या भावाची नर्सरी सुटून तो त्या गेटवर कसा पोचला हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. सरकारी कागदावर तू ते येऊ दिलं नाहीस. हे पत्र त्याबद्दल आहे, तेव्हा चहा घेऊन नीट बस.

तू नाशिकहून इथे आलास तेव्हा राज्य नवंकोरं होतं. मंत्रालय जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरायचं, आमच्या कार्यालयाच्या दारावरच्या पाटीचा रंग हाताला लागायचा, आणि रोज कुठे ना कुठे फीत कापली जायची. उद्यान विभागाच्या लोकांना झाडांचे रोग ओळखायला शिकवायचं म्हणून तुला बोलावलं होतं आणि मी अकोल्याहून शिकून आलेली म्हणून मला तुझ्या हाताखाली दिलं. पहिल्याच दिवशी तू हॉलमधल्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्यास. सगळ्यांनी वाफ्यात उतरायचं, म्हणालास. सफारीतले साहेब रुमाल अंथरायला जागा शोधत होते. तू एकेकाच्या हातात ब्लेड दिलंस आणि कोमेजलेलं वांग्याचं झाड दिलंस. खोड कापा, ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं टोक धरा आणि गप्प बघत राहा. थोड्या वेळानं कापलेल्या जागेतून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरायला लागली. झाडाच्या आत भरलेले जिवाणू असे डोळ्यांनी दिसतात, हे त्यांतल्या कितीतरी जणांनी नोकरीत केस पिकले तरी पाहिलेलं नव्हतं. महासमुंदचे एक जाडजूड साहेब चिखलात मांडी घालून तो ग्लास उन्हाकडे धरून बसले, चहाला उठेनात. त्या दिवशी मी तुझ्या प्रेमात पडले. हे लपवण्यात आता काही अर्थ नाही. दुसऱ्याच्या हातांवर इतका विश्वास टाकणारा माणूस मी सरकारी आवारात तोवर पाहिला नव्हता.

शेखर तेव्हा सरकारी नर्सरी सांभाळायचा. तू त्याच्याशी मराठीत बोलायचास आणि तो तुला हिंदीत उत्तर द्यायचा. "समझता पूरा हूँ भैया, बोलने में जीभ अटकती है," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, निम्मी मराठी पोरं अशीच आहेत, घरात आजीचं ऐकायचं आणि बोलायचं शाळेचं. तुला त्याचं फार हसू यायचं. पुढे आपलं ठरलं, तुझी आई येऊन गेली, तसा तो तुला भैयाऐवजी जीजाजी म्हणायला लागला होता. तेवढा एक शब्द तो मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणायचा.

त्या पावसाळ्याअखेरीस आपण प्रशिक्षणाची तुकडी शेखरच्या नर्सरीत नेली. तो स्वतः तिथे नव्हता. कुठल्याशा उद्घाटनाच्या मंचापुढे कुंड्या मांडायला त्याला बोलावलं होतं. नव्या राजधानीत नर्सरीवाल्यांचं मुख्य काम तेच होतं. टोमॅटोच्या वाफ्यांत एका कोपऱ्यात काही रोपं माना टाकून होती. आपल्या लोकांनी स्वतःच उपटली, कापली, ग्लासात धरली आणि धार उतरली. सरावासाठी नेलेल्या जागी खरा रोग सापडला म्हणून तू किती खूश होतास. मी लगेच उरलेल्या तुकडीबरोबर जगदलपूरच्या बसमध्ये बसले, कारण पुढचा आठवडा तिकडे होता. जाताना मी म्हटलं होतं की रोपं बाहेर जाऊ देऊ नकोस. तू म्हणालास, लिहून देतो. आणि दिलंस. हिंदीत, स्वतःच्या अक्षरात, एकच ओळ: नर्सरी में टमाटर के पौधों के रोग का निदान हो गया है. बाकी सविस्तर अहवाल मागाहून येणार होता.

शेखरनं कुंड्या उतरवल्या आणि ती ओळ वाचली. रायपुरात नळाला पाणी आलं की तक्रारीचं निदान होतं. खांबावरचा दिवा लागला की निदान होतं. पेपरात रोज कुणाच्या ना कुणाच्या समस्येचं निदान झालेलं असतं, म्हणजे ती मिटलेली असते. त्याच्या वरच्या साहेबांनीही तेच वाचलं आणि बाजूला सही केली. फाटकाबाहेर रोपं न्यायला माणसं उभी होतीच. शेखरनं वाफे उघडून दिले. ती रोपं आरंगकडच्या आणि अभनपूरकडच्या भाजीच्या बाड्यांत लागली, फुलावर आली आणि हिरवीच्या हिरवी मान टाकून मेली. मातीत शिरलेला तो रोग वर्षानुवर्षं निघत नाही, हे तूच शिकवतोस. लोकांनी वाळलेली झाडं गाड्यांत भरून आणली आणि नर्सरीच्या फाटकावर फेकली. मी परत आले तेव्हा शेखर त्या ढिगासमोर उभा होता. मला म्हणाला, "दीदी, ठीक हो गया था ना?"

चौकशीत तो एवढंच सांगत राहिला की सर, निदान हो गया लिखा था. साहेबांना आपली सही आठवत नव्हती. मग चौकशी करणाऱ्यांनी तुला विचारलं की निदान लिहिताना तुमच्या मनात काय होतं, आणि इथल्या माणसाचा त्या शब्दावर घोटाळा होऊ शकेल हे तुम्हाला ठाऊक होतं का. मी बाहेर बाकावर होते, दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. निदान म्हणजे रोग ओळखणं, तू म्हणालास, मराठीत तेच आणि हिंदीच्या कोशातही तेच, वाटल्यास काढून बघा. त्यांनी काढून बघितलं. कोश तुझ्या बाजूनं होता. दुसऱ्या प्रश्नावर तू म्हणालास, नाही, असा काही घोटाळा होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं, मी बाहेरचा माणूस. मी आत जाऊन सांगितलं असतं तरी काय, आरोपीची बहीण आणि साक्षीदाराची होणारी बायको. मला कुणी बोलावलंही नाही.

अच्युत, तुला ठाऊक होतं. उन्हाळ्यात तुझ्या आईला घेऊन आपण साड्या बघायला पंडरीच्या कापडबाजारात गेलो होतो. मोतिया रंगाच्या साडीच्या काठात एक धागा निसटलेला होता. दुकानदार हात जोडून म्हणाला, "चिंता मत करो माताजी, अभी निदान कर देते हैं," आणि त्यानं पोराला आतून दुसरी साडी आणायला पिटाळलं. तुझी आई गोंधळली. साडीला काय रोग झालाय, असं तिनं तुला हळूच विचारलं. तेव्हा मी तुम्हा दोघांना समजावलं होतं की इथे निदान म्हणजे अडचण मिटवणं. तू दुकानात हसलास, ऑटोत हसलास, घरी येऊन शेखरला तो किस्सा रंगवून सांगितलास आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालास की साले, तुमच्या गावात डॉक्टरची गरजच नाही. तोही हसला होता. हसण्यापुरतं तुला ते आठवत होतं आणि त्या बाकड्यापलीकडच्या खोलीत नेमकं विसरलास.

शेखरची नेमणूक संविदेवर, म्हणजे कंत्राटी होती, म्हणून त्याला काढणं सोपं गेलं. कागदावर निष्काळजीपणा असा शेरा आला. तो शेरा बघून दुसरा कुठला विभाग त्याला उभं करेना. तुझी पुण्याला निवड झाली. जाताना तू म्हणालास की प्रकरण थंड होऊ दे, मग तारीख काढू. प्रकरण खरोखरच थंड झालं. तारखेचा विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. तुझ्या आईनं पंडरीला घेतलेल्या त्या साडीचं काय केलं, हे मात्र कधीकधी मनात येतं. मी रडले का, तर रडले, आणि बराच काळ. त्यातलं तुझ्यासाठी किती आणि शेखरसाठी किती, याचा हिशेब मला लावता येत नाही. तू भित्रा असतास तर मी माफ केलं असतं. भीती मलाही वाटते. तू आपली बाजू वाचवायला त्याच्या अडाणीपणाचा आधार घेतलास, आणि तो अडाणी नव्हता. त्यानं आपल्या गावची भाषा बरोबर वाचली होती.

हे सगळं मी पोटात ठेवून बसले असते. ठेवलंच होतं. पण गेल्या महिन्यात आमच्याकडची सोनिया पुण्याहून तुझं प्रशिक्षण करून आली. चांगली मुलगी आहे, नवीन आहे, तिला आपल्यातलं काही माहीत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून म्हणाली, "दीदी, वहाँ के सर इतना हँसाते हैं," आणि तिनं मला तुझा किस्सा सांगितला. छत्तीसगढचा एक सुपरवायझर, त्याला निदान म्हणजे इलाज वाटला, आणि त्यानं रोगट रोपं वाटून टाकली. तू तो नक्कल करून सांगतोस म्हणे. मान वाकडी करून, 'निदान हो गया था ना, साहब' असं. सगळा वर्ग लोटपोट होतो. तिनंही माझ्यासमोर ती नक्कल करून दाखवली, आणि तुझ्या नकलेच्या नकलेतसुद्धा मला माझा भाऊ ओळखू आला. मी डबा बंद केला. पोट बिघडलंय, म्हटलं.

आता तुझ्या फोनचं उत्तर. नव्या इमारतीतलं पहिलं प्रशिक्षण तू घेणार, सगळ्या जिल्ह्यांतली माणसं येणार, पहिल्या सत्राला नवे संचालक बसणार, आणि तुझी हिंदी अडखळते म्हणून मी शेजारी उभं राहून तुझ्या मराठीचं हिंदी करावं, जुनं सगळं विसरून. विसरण्याचं सोडून बाकी सगळं मला मान्य आहे. मी संचालकांना भेटून आले. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर शेखरच्या नावावरचा शेरा काढता येईल, असं ते म्हणाले. तुझं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही अजून सांगितलेलं नाही. शेखरला त्या दिवशी सुट्टी घ्यायला लावली आहे. "रहने दे ना दीदी," म्हणाला, पण 'हव' म्हणून कबूल झाला शेवटी. तो मागच्या रांगेत असेल. तू मराठीत बोल, वाक्य संपलं की थांब. ते सगळं तू आपणहून सांगितलंस तर मी शब्दाला शब्द हिंदी करीन, पदरचं एक अक्षर घालणार नाही. तो किस्सा सांगितलास तर त्याचंही करीन, पण माझ्या हिंदीत तो लांबतो. त्यात पंडरीचं दुकान येतं, तुझी आई येते, आणि सुपरवायझरला नाव येतं. आणि काहीच न बोलता पुढे गेलास, तर सत्र संपताना तू नेहमी विचारतोस की कुणाला काही विचारायचं आहे का. त्या वाक्याचं हिंदी मी करणार नाही. मीच विचारीन.

तुझीच दुभाषी,
पद्मिनी