बावीसची हवा

अहो,

गेल्या रविवारी निमोण्याच्या खडीच्या रस्त्यावर मी गाडीवरून का पडले, ते आज कळलं. खडीवर चाकात हवा कमी लागते, तरच टायरला पकड मिळते, असं आमच्या बायकांच्या बाईक-गटाला नीलमताईंनी शिकवलंय. म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी मी मोजून बावीसवर आणली होती. आत्ता पेट्रोल भरायला गेले, तर हवावाला संपत हसत म्हणाला, "वैनी, दादांनी गेल्या शनिवारीच टाईट करून नेली व्हती की! म्हणले, बाईमाणसाला हवेतलं काय कळतंय!"

तुम्ही काळजीनंच भरली असणार. निघताना मी पुन्हा मोजली नाही, ही माझी चूक. पण आठ दिवस जेवताना "तुला न्हाई जमायचं" म्हणालात, तेव्हा हवेचं एका शब्दानं बोलला नाहीत. आणि मी गुडघा शेकत माझाच तोल गेला समजत बसले.

आज गटाबरोबर त्याच रस्त्यावर जातेय. हवा बावीस आहे. दुपारी येईन.

भाकरी झाकून ठेवल्यात. कालवण अळणी लागेल. आबांच्या बीपीसाठी मीठ मोजून घातलंय. त्यात तरी भर घालू नका.

धनश्री