च्युइंगम चघळा, सांधा सुटेल

सोमवार, ३ जून
आज मी डॉक्टर झाले! शाळेत दोनदा नापास, पण इथे पंधरा मिनिटांत पास.

मामाच्या कारखान्यातला माल द्यायला दवाखान्यात गेले होते. कारखाना कसला, जिन्याखालची खोली. तिथे आम्ही कवळ्या बनवतो, आणि झोपेत दात खाणाऱ्यांसाठी दातांवर बसवायच्या पट्ट्या. अंगात पांढरा एप्रन होता. डॉक्टर आत दाढ काढत होते, बाहेर सहाजण ताटकळत बसलेले. एक आजोबा म्हणाले, डॉक्टरीणबाई, जांभई दिली की कानापाशी कट् वाजतं, हाड मोडलं का? मी म्हटलं, मोडलं असतं तर जांभई आली असती का? सगळे हसले. मग काय, एकेकाचं सुरूच झालं. दाढ काढली की दुखणं जाईल का? ऑपरेशन लागतं का? सकाळी जबडा का आखडतो? मी आपलं तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

बसस्थानकावरची घोषणाताई पण होती. तिचा आवाज अख्ख्या गावाला पाठ, चेहरा कुणाला ठाऊक नाही. गालावर हात ठेवून हळूच म्हणाली, तोंड नीट उघडत नाही, काही व्यायाम आहे का? मी म्हटलं, "च्युइंगम चघळा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सांधा सुटेल." तिनं चक्क लिहून घेतलं! ड्युटीला उशीर होत होता, तशीच उठली. म्हणाली, तुम्ही सांगितलंत, माझं काम झालं.

रस्त्यात हसून हसून पोट दुखलं.

गुरुवार, ६ जून
मामीला गंमत सांगितली. हसली नाही. हिला विनोद कळतच नाही.

सोमवार, १० जून
स्थानकावर आज कुणा बाप्याचा आवाज. चारचा फलाट पाच सांगतो, माणसं पिशव्या घेऊन इकडून तिकडे धावतायत. मज्जा वाटली. खिडकीतल्या साहेबांना विचारलं, ताई कुठे?

जबडा अडकलाय म्हणे. दीड बोट उघडतो. अकरा वर्षं रोजंदारीवर बोलतेय बिचारी, आता कुठे कायमची जागा निघालीय. एकच जागा. शनिवारी चाचणी, मोठ्यानं वाचून दाखवायचं. आणि साहेब म्हणाले, कुणा डॉक्टरणीनं च्युइंगम चघळायला सांगितलं होतं, दिवसाला पाकीट संपवायची.

माझी बस आली. गेली. मी तिथेच उभी.

मंगळवार, ११ जून
कुणाला कळणार आहे? एप्रन काय, सगळेच घालतात. सकाळभर स्वतःला हेच सांगत होते. कवळीच्या साच्याचं प्लास्टर कालवताना पाणी दोनदा जास्त झालं. मामा म्हणाला, काय घोळ घातलायस? सांगून टाकलं.

मामानं हातातली कवळी खाली ठेवली. एवढंच म्हणाला, "चल."

डॉक्टर ओरडले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, लंगडणाऱ्या माणसाला तू पळायला लावलंस. मग त्या दिवशीचे सगळे प्रश्न मला आठवायला लावले आणि उत्तरं पाठ करून घेतली, शाळेत कुणी घेतली नसतील अशी. नुसता आवाज येतो, दुखत नाही – बहुतेक वेळा काही करायचं नाही. चांगली दाढ उपटून सांध्याचं दुखणं जात नाही. ऑपरेशन फार थोड्यांना. मऊ खायचं, गरम शेक घ्यायचा, जांभईला हनुवटीखाली मूठ धरायची. झोपेत दात खात असाल तर पट्टी. बरेचजण काही आठवड्यांत सुधारतात.

आठवड्यांत! शनिवारला चार दिवस राहिलेत.

उठताना डॉक्टरांनी विचारलं, "तिला कोण सांगणार?"

बुधवार, १२ जून
मामा खाली थांबला. मी एकटीच जिना चढले. ताईनं दार उघडलं, दातावर दात तसेच ठेवून म्हणाली, या डॉक्टरीणबाई. खुर्ची पुसली. पाणी आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उभ्या उभ्या बोलले. मी डॉक्टर नाही, प्लास्टर कालवते. ती थट्टा होती.

तिनं भांडं माझ्या हातातून परत घेतलं. म्हणाली, "डॉक्टरांना विचारायला भीती वाटायची. ऑपरेशन म्हणाले तर? तू आपली वाटलीस म्हणून विचारलं."

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग चपला घालून माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरांनी जबडा हळूहळू सैल केला, झोपेत दात खातेस म्हणाले, पट्टीचं माप घेतलं.

शुक्रवार, १४ जून
तिची पट्टी मी केली. मामानं तीनदा परत दिली. इथे टोचेल, घास. इथे कड राहिली, घास. बोटांची सालं निघाली. चौथ्यांदा त्यानं प्रकाशात धरून पाहिली आणि डबीत ठेवली. एका रात्रीत पट्टी काय करणार, मलाही कळतं.

शनिवार, १५ जून
आज दोन बोटं उघडत होतं. चाचणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले. आतून तिचा आवाज येत होता. पहिला कागद छान. दुसऱ्याच्या मध्यावर थांबली. परत सुरू केलं. परत थांबली.

मी नखं खात होते.

सोमवार, १७ जून
जागा दुसरीला मिळाली. ताईची रोजंदारी तशीच. आज फलाट चारची घोषणा तिनंच केली, सावकाश. मी मागच्या दारानं बसमध्ये चढले. तिला काय तोंड दाखवू?

शुक्रवार, २८ जून
दवाखान्यात माल द्यायला गेले, तर ताई पट्टी दाखवायला आलेली. पळणार होते. तेवढ्यात एका आजींनी माझा एप्रन धरला – डॉक्टर का तुम्ही बाई?

माझ्याआधी ताईच बोलली. "नाही हो. पण चुकली तर घरी येऊन सांगते. विचारा तिला."